दोन दहा नंबरची घरं आणि मधला कालवा



बाबा पहिल्यांदा लंडनला आले तेव्हा त्यांची यादी तयारच होती. राणीचा राजवाडा, मेणाचे पुतळे वगैरे त्यात नव्हतंच. वर दोनच पत्ते होते: लोकमान्य राहिले ते घर आणि बाबासाहेब राहिले ते घर. टिळकांचं घर १०, हाउली प्लेस, मेडा व्हेलजवळ. बाबासाहेबांचं १०, किंग हेन्रीज रोड, प्रिमरोझ हिलला लागून. दोन्ही दहा नंबर. (तिसरा दहा नंबर डाउनिंग स्ट्रीटवर आहे, पण त्यात बाबांना रस नव्हता.)

मी तेव्हा लंडनमध्ये चार वर्षं काढली होती, म्हणजे स्वतःला तज्ज्ञच समजत होतो. ट्यूबचा नकाशा पाठ. हाउली प्लेसला वॉरिक अॅव्हेन्यू स्टेशन, किंग हेन्रीज रोडला चॉक फार्म. पहिलं तपकिरी बेकर्लू लाइनवर, दुसरं काळ्या नॉर्दर्नवर. टिळकांच्या घरावरची पाटी बघून झाली, बाबांनी नमस्कार केला, फोटो काढला, आणि आम्ही जमिनीखाली शिरलो. चेरिंग क्रॉसपर्यंत खाली, तिथे गाडी बदलून पुन्हा वर. जिने, बोगदे, गर्दी. बाबांचे गुडघे बोलायला लागले. पाऊण तासानं चॉक फार्मला बाहेर आलो तर बाबा म्हणाले, "अरे, मघाचं घर इथून कुठल्या दिशेला?"

मी आत्मविश्वासानं हात केला मध्य लंडनकडे, कारण गाडी तिकडून आली होती. घरी जाऊन नीट बघितलं तर दिशा साफ चुकलेली. हाउली प्लेस नैऋत्येला होतं, सरळ रेषेत तीन किलोमीटरसुद्धा नाही. बाबा जन्मभर दादरला राहिलेले, मुंबईत बसनं फिरलेले. त्यांना डोळे बांधून कुठेही सोडलं तरी समुद्र कुठे आहे ते सांगतील. आणि मी चार वर्षं राहून स्वतःच्या गावात दिशा चुकलो.

संध्याकाळी शेजारच्या आजोबांना हे सांगितलं. आजोबा निवृत्त टॅक्सीवाले, जन्म इथलाच. ते हसले. म्हणाले, "ट्यूबनं कोण जातं तिकडे? कालव्याच्या काठानं चालत जा ना!"

त्या एका वाक्यानंतर मी हे सगळं शोधायला लागलो. जे सापडलं ते थोडक्यात मांडतो.

पहिला दोष (खरं तर गुणच) त्या नकाशाचा. आज आपण बघतो तो ट्यूबचा नकाशा हॅरी बेक या ड्राफ्ट्समननं १९३१ मध्ये काढला. तो आधी सिग्नल खात्यात काम करत होता, म्हणजे आपल्याच जातकुळीतला माणूस. त्याचा विचार असा की जमिनीखालच्या प्रवाशाला वरचं शहर दिसतच नाही, मग त्याला अंतर कशाला दाखवायचं? कुठल्या स्टेशनानंतर कुठलं आणि गाडी कुठे बदलायची एवढं कळलं की पुरे. म्हणून त्यानं सगळ्या रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत बसवल्या, स्टेशनं साधारण सारख्या अंतरावर ठेवली आणि वरच्या शहरातलं फक्त थेम्स नदी राहू दिली. साहेबांनी पहिल्यांदा हा नकाशा नाकारला होता. जानेवारी १९३३ मध्ये तो छापला आणि लोकांनी उचलून धरला.

आपल्या भाषेत सांगायचं तर ते सर्किट डायग्राम आहे. जोडणी अचूक, अंतर खोटं. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर सुमारे २६० मीटर आहे. चाल्फंट अँड लॅटिमर ते चेशम सव्वासहा किलोमीटर. नकाशावर हा चोवीसपट फरक दिसतच नाही. नवखा माणूस कॉव्हेंट गार्डनला लिफ्टच्या रांगेत उभा राहतो, तोवर इथला माणूस चालत पोचलेला असतो.

ही फक्त नवख्यांची चूक आहे असंही नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ट्यूबचा दोन दिवसांचा संप झाला, बरीच स्टेशनं बंद होती. लोकांनी नाइलाजानं दुसरे रस्ते धरले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी ऑयस्टर कार्डांची माहिती तपासली, तर सुमारे ५ टक्के लोक संप मिटल्यावरही नव्याच रस्त्यानं जात राहिले. म्हणजे वर्षानुवर्षं रोज त्याच वाटेनं जाणाऱ्यांनाही आपली वाट सर्वात चांगली नाही हे माहीत नव्हतं. आणि जिथे नकाशातली अंतरं जास्त वाकडी, तिथे हे जास्त घडलं.

मग ट्यूबच्या आधी लोक शहर कसं ओळखत? पायानं. ४ जुलै १८२९ ला जॉर्ज शिलिबीअर यानं पॅडिंग्टन ते बँक अशी लंडनची पहिली ऑम्निबस सुरू केली. कल्पना पॅरिसहून आणलेली. तीन घोडे, आत २२ माणसं, भाडं एक शिलिंग. मजुराला हे भाडं रोज परवडणं शक्यच नव्हतं. १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे निघाली, वाफेच्या इंजिनाची. पण तोवर आणि नंतरही बराच काळ सामान्य लंडनकर कामाला चालतच जायचा, पाणीही चालत जाऊनच आणायचा.

या चालण्यावरून एक फार मोठा शोध लागला. ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलरा आला. दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली, एकूण ६१६. डॉ. जॉन स्नो यांना संशय होता की हा रोग हवेतून नाही, पाण्यातून पसरतो. त्यांनी मृत्यूंची घरं नकाशावर मांडली, ती ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती गोळा झालेली दिसली. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. एवढी गोष्ट आपण शाळेत किंवा कुठल्यातरी डेटाच्या पुस्तकात वाचलेली असते.

पण पुढची गोष्ट जास्त कामाची. पुढे चौकशी समितीच्या अहवालासाठी केलेल्या नकाशात स्नोंनी एक तुटक रेषा काढली. त्या रेषेच्या आतल्या माणसाला ब्रॉड स्ट्रीटचा पंप सर्वात जवळ, बाहेरच्याला दुसरा कुठलातरी. आणि हे अंतर सरळ रेषेत मोजलेलं नव्हतं, गल्लीबोळांतून प्रत्यक्ष चालत किती पडतं तसं मोजलं होतं. आपल्यापैकी ज्यांनी व्होरोनॉय डायग्राम शिकला असेल त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल.

तरीही नकाशा पुरला नाही. हेन्री व्हाइटहेड नावाचा तिथला तरुण पाद्री होता. त्याला स्नोंचं म्हणणं पटलं नव्हतं, ते खोडून काढायलाच तो घरोघर फिरला. त्याच वस्तीतला असल्यामुळे लोक त्याच्याशी बोलत. कोण वाचलं, कोण गेलं, कुणी कुठलं पाणी प्यायलं, हे विचारता विचारता त्याचंच मत बदललं. ४० नंबरच्या घरातलं तान्हं बाळ सर्वांच्या आधी आजारी पडलं होतं, त्याच्या दुपट्यांचं पाणी पंपाच्या विहिरीजवळच्या खड्ड्यात जात होतं, हे त्यानं शोधून काढलं. डॉक्टरचा नकाशा आणि पाद्र्याची पायपीट, दोन्ही मिळून कोडं सुटलं. त्या रस्त्याला आता ब्रॉडविक स्ट्रीट म्हणतात, तिथे बिनदांड्याच्या पंपाची प्रतिकृती उभी आहे. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदीला गेलात तर पाच-सात मिनिटांवर आहे.

आता आमच्या टॅक्सीवाल्या आजोबांकडे येतो. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा तर 'नॉलेज' नावाची परीक्षा द्यावी लागते, १८६५ पासून. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते, त्यावरची इस्पितळं, हॉटेलं, कोर्टं, सगळं तोंडपाठ. त्यासाठी ३२० ठरलेले मार्ग आहेत. पहिला मॅनर हाउस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर. शिकणारे मोपेडवर पुढे नकाशाची पाटी लावून तीन-चार वर्षं गल्ल्या पालथ्या घालतात. २००० साली एलिनर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. हे मी आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "मेंदूचं माहीत नाही, माझी मोपेड मात्र दोनदा बदलली!"

असो. पुढच्या रविवारी बाबांना घेऊन पुन्हा हाउली प्लेसला गेलो. या वेळी चालत.

टिळक ऑक्टोबर १९१८ मध्ये लंडनला आले ते चिरोल खटल्यासाठी. फेब्रुवारी १९१९ मध्ये खटला हरले, तरी नोव्हेंबरपर्यंत राहून स्वराज्याची बाजू मांडत राहिले. वॉरिक अॅव्हेन्यू स्टेशन १९१५ चं, म्हणजे त्यांच्या वेळी होतं. पण घरापासून काही पावलांवर जे त्याहून जुनं आहे ते मी पहिल्या खेपेला पाहिलंच नव्हतं: रीजंट्स कॅनॉल. पॅडिंग्टन ते कॅमडन हा भाग १८१६ चा, पूर्ण कालवा १८२० चा.

सुरुवातीचा थोडा भाग रस्त्यानं जावं लागतं, कारण तिथे काठाला राहत्या होड्या बांधलेल्या असतात. मग मेडा हिलचा बोगदा लागतो, सुमारे अडीचशे मीटरचा, आत पायवाट नाही. पूर्वी घोडा डोक्यावरच्या रस्त्यानं पलीकडे न्यायचे आणि नावाडी होडीत उताणे पडून पायांनी भिंतीला रेटत होडी पार करायचे. बाबांना हे ऐकून फारच मजा वाटली. तिथून पुढे खाली उतरलं की सरळ पायवाट, सपाट, एक जिना नाही. गुडघ्यांची तक्रार नाही.

रीजंट्स पार्कशी मॅकल्सफील्ड ब्रिज आहे. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे याच्याखाली बंदुकीची दारू आणि पेट्रोलियम नेणारी होडी उडाली, तिघं गेले, पूल कोसळला. पुन्हा बांधताना जुनेच लोखंडी खांब वापरले, पण फिरवून बसवले. त्यामुळे घोड्यांच्या दोरखंडांनी पडलेले चर खांबांच्या दोन्ही अंगांना दिसतात, एक बाजू स्फोटाआधीची, एक नंतरची. बाबांनी त्या चरात बोट घालून बघितलं. म्हणाले, "विहिरीच्या काठाला पडतात तसेच!"

पुढे प्राणिसंग्रहालय, मग वर येऊन रस्ता ओलांडला की प्रिमरोझ हिल. टेकडी जेमतेम साठ-पासष्ट मीटरची, पण वरून सेंट पॉल्सपर्यंत लंडन पसरलेलं दिसतं. बाबा बाकावर टेकले आणि पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी बरोबर हात केला. ते घर तिकडे, कालवा असा वळत आला, आणि बाबासाहेबांचं घर हे पाठीमागे, टेकडी उतरली की.

बाबासाहेब या घरात १९२१-२२ मध्ये राहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियमची लायब्ररी यांत ते दिवस गेले. टिळक इथे होते तेव्हा बाबासाहेब भारतात होते, ते परत आले १९२० मध्ये. म्हणजे दोघं एका वेळी या शहरात नव्हते, तरी दोघांच्या घरांमध्ये रमतगमत सव्वा तासाची वाट आहे. हे घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं, त्याच नोव्हेंबरमध्ये स्मारकाचं उद्घाटन झालं. मधे परवानगीचा वाद झाला, तो २०२० मध्ये स्मारकाच्या बाजूनं मिटला. बाबा आत बराच वेळ होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आज दोन्ही घरं पाहिल्यासारखी वाटली."

तेव्हापासून घरी पाहुणे आले की मी एक नियम पाळतो. एका दिवशी एकच भाग, जाताना चालत किंवा बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट, ट्यूब फक्त थकून परत येताना. आपण जिथे असाल तिथे, न्यूयॉर्क असो की सिंगापूर, घर ते ऑफिस हा रस्ता एकदा जमिनीवरून करून बघा.

आणि दहा नंबर ते दहा नंबर कुणाला चालायचं असेल तर सांगा. कुठल्याही रविवारी सकाळी मी वॉरिक अॅव्हेन्यूच्या बाहेर उभा असेन. डबा आपापला आणावा, टेकडीवर बाक आहेत.

चूकभूल द्यावी घ्यावी.