अननसाचा गार मसाला चहा आणि एक लांब टेकडी

'चाय टी लाटे' हे नाव ऐकलं की मराठी माणसाला आधी हसू येतं. चाय म्हणजे चहा, टी म्हणजेही चहा आणि लाटे म्हणजे इटालियन भाषेत नुसतं दूध. थोडक्यात 'चहा चहा दूध'! त्यात बर्फ घालायचा, तळाशी फळाचा पाक ओतायचा आणि उंच ग्लासात स्ट्रॉ खुपसून चांगल्या दणदणीत किमतीला विकायचा. हे नाव रुजलं ते अमेरिकेत, १९९० च्या दशकात. पोर्टलंडमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या 'ओरेगॉन चाय'सारख्या कंपन्यांनी मसाला चहाचा तयार अर्क डब्यात भरून विकायला सुरुवात केली आणि पुढे मोठ्या कॉफीवाल्यांनी तो जगभर नेला. स्टारबक्स सिंगापूरला १९९६ मध्ये आलं आणि मुंबईत, हॉर्निमन सर्कलला, २०१२ मध्ये. आपलाच चहा फिरून आपल्याकडे आला, पण असा वेष पालटून की ओळखू येईना.

आता आपल्याकडची नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे 'हा कसला चहा! खरा चहा आमच्या घरचा.' मला मात्र इथे सिंगापूरला बसून वाटतं, की ह्या 'खऱ्या चहा'चं वय एकदा मोजून बघावं. आणि मोजायला मी राहतो ती जागा फार सोयीची आहे.

माझं घर बुकित पंजांगला आहे. मलाय भाषेत बुकित म्हणजे टेकडी आणि पंजांग म्हणजे लांब. शहराच्या वायव्येला, बुकित तिमाह रस्त्याच्या दहाव्या मैलाजवळची ही वस्ती. आज इथे सरकारी इमारतींची रांग आहे आणि इमारतींच्या मधून १९९९ पासून छोटी, बिनचालकाची रेल्वे फिरते. तिच्या एका स्टेशनाचं नाव 'टेन माइल जंक्शन' होतं, ते २०१९ मध्ये बंद झालं. दुसऱ्या एकाचं नाव आहे 'सेन्जा'. मलायमध्ये सेन्जा म्हणजे संध्याकाळ, आणि शब्द आला आहे आपल्या 'संध्या'वरून. शब्द कुठून कुठे जातात बघा. वस्तूही तशाच जातात.

ग्लासात पहिल्यांदा मसाला पडतो, म्हणून मसाल्यापासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिंगापूरच्या ह्या आतल्या भागात जंगल तोडून चिनी शेतकरी मिरी आणि गँबियर लावत होते. गँबियर म्हणजे आपण पानाला लावतो त्या काताचा चुलतभाऊ. कातडी कमावायला त्याला युरोपात मागणी होती. दोन्ही पिकं एकत्र लावायचं कारण अगदी हिशेबी होतं. गँबियरची पानं उकळून अर्क काढला की उरलेला चोथा मिरीच्या वेलांना खत म्हणून घालता येई. पण अर्क उकळायला लाकूड लागे भरमसाट. पंधरा-वीस वर्षांत जमिनीचा कस जाई, आसपासचं लाकूड संपे आणि मग मळेवाले पुढच्या जंगलाकडे, शेवटी समुद्र ओलांडून जोहोरकडे सरकत. जंगल मागे हटलं तसे वाघ मळ्यांत शिरले. रोज एक माणूस वाघाच्या तोंडी जातो, असं त्या काळी बोललं जाई. आकडा खरा असो नसो, सरकारने वाघ मारणाऱ्याला इनाम लावलं होतं हे खरं. सिंगापूरचा शेवटचा रानवाघ १९३० मध्ये मारला गेला, तोही आमच्या शेजारच्या चोआ चू कांगला.

जायफळाचीही गंमत आहे. आपल्या चहा मसाल्यातलं हे जायफळ एके काळी सिंगापूरचं वेड होतं. रॅफल्सने १८१९ मध्येच इथे रोपं लावली, पुढे गोऱ्या साहेबांनी गावाबाहेर मोठमोठ्या बागा केल्या. आज जिथे चकचकीत दुकानांची रांग आहे, त्या ऑर्चर्ड रोडचं नाव ह्या बागांवरूनच पडलं. १८५० च्या दशकात झाडांवर रोग आला आणि काही वर्षांत सगळा धंदा बसला.

ह्या आतल्या मळ्यांपर्यंत जाणारा रस्ता कोणी बांधला? हा भाग मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो मुख्यतः हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी बांधला. १८२५ पासून बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातून जन्मठेपेचे कैदी सिंगापूरला पाठवले जात. नंतर ही व्यवस्था पूर्णपणे अंदमानकडे गेली. १८४० च्या दशकात बुकित तिमाहचा रस्ता आणि त्याचं क्रांजीपर्यंतचं पुढचं टोक ह्याच लोकांनी दलदल भरून, जंगल तोडून काढलं. वाघ मारायलाही कैद्यांच्याच तुकड्या पाठवत. मुंबई इलाखा म्हटल्यावर त्यात आपल्या मुलखाची माणसं असणारच. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं, पण त्याच्या आधीचं काळं पाणी इकडे होतं. मी रोज ज्या रस्त्याने बसने जातो, त्याच्या खाली त्यांची मेहनत आहे. त्यांचं नाव मात्र एकाही स्टेशनाला नाही.

मिरी-गँबियर गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबर आलं. रबराच्या झाडाला चीक द्यायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर मळेवाल्याने खायचं काय? तर अननस! दोन ओळींच्या मधे अननस लावला की सव्वा-दीड वर्षात फळ हातात. म्हणून सिंगापूरचा अननस हा खरं तर रबराचा पोटखर्च होता. लिम नी सून नावाच्या व्यापाऱ्याला लोक 'अननसाचा राजा' म्हणत. आज उत्तरेला यीशुन नावाचं मोठं उपनगर आहे, ते त्याच्याच नावाचं मँडारिन रूप. फळ डब्यात बंद करून विलायतेला जाई, आणि १९३० च्या दशकात डबाबंद अननसात मलायाचा नंबर हवाईखालोखाल होता. मलायमध्ये अननसाला 'नानास' म्हणतात. आपला 'अननस' आणि त्यांचा 'नानास' दोन्ही पोर्तुगीजांनी दक्षिण अमेरिकेतून उचललेल्या एकाच शब्दाची लेकरं. गोव्यात उतरलेलं गलबत पुढे मलाक्याला जात असे, हे त्याचं कारण.

आता दूध. इथल्या टपरीवर चहाला ताजं दूध सहसा नसतं. 'तेह' मागितला तर डब्यातलं गोड आटवलेलं दूध, 'तेह सी' मागितला तर डब्यातलंच बिनसाखरेचं आटवलेलं दूध आणि वेगळी साखर, 'तेह ओ' म्हणजे कोरा, आणि पुढे 'पेंग' जोडलं की बर्फ. आल्याचा चहा तो 'तेह हालिया'. आपल्या लोकांना हे डब्याचं दूध फार खटकतं. पण विचार करा, विषुववृत्ताजवळचं दमट बेट, कुरणं नाहीत, फ्रीज नाही. हिंदुस्थानी गवळी म्हशी पाळून घरोघर रतीब घालत, हेही खरं. लिट्ल इंडियाजवळच्या 'कंडांग कर्बाउ' ह्या जागेच्या नावाचा अर्थच 'म्हशींचा गोठा'. पण त्यांचं दूध दुपारपर्यंत टिकायची मारामार. अमेरिकेत गेल बॉर्डनने १८५६ मध्ये आटीव दुधाचं पेटंट घेतलं, बिनसाखरेच्या डब्याचं पेटंट १८८४ चं, आणि उष्ण देशांतल्या चहाला जणू नवी गाय मिळाली.

आणि डबा कशाचा? लोखंडी पत्र्यावर कथलाचा मुलामा दिलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं निम्म्याच्या आसपास कथील मलायातून निघत होतं आणि त्यातलं बरंचसं सिंगापूरच्या बंदरासमोरच्या पुलाउ ब्रानी बेटावर वितळवलं जाई. म्हणजे कथील इथून बाहेर जायचं आणि दुधाचा डबा होऊन परत यायचं! ग्लासातल्या सगळ्या पदार्थांची यादी करताना ह्या न दिसणाऱ्या धातूला विसरता येत नाही.

बर्फाचं फार सांगत नाही, पण तोही असाच लांबचा पाहुणा. बोस्टनजवळच्या गोठलेल्या तळ्यांतले बर्फाचे तुकडे भुशात गुंडाळून जहाजाने १८३३ मध्ये कलकत्त्याला आणि १८३४ मध्ये मुंबईला पोचले. जमशेटजी जीजीभाईंनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं आणि यजमानांसकट सगळ्यांना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात. सिंगापुरात १८५४ मध्ये व्हाम्पोआ ह्या चिनी व्यापाऱ्याने भागीदारीत बर्फघर काढलं, पण गिऱ्हाईक पुरेसं मिळालं नाही.

राहिला चहा. आपल्या 'खऱ्या' चहाचं वय ऐका. हिंदुस्थानातला चहा आधी परदेशी विकण्यासाठीच होता. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर कर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला, तोही मुख्यतः बाहेरच्या देशांत. सामान्य माणसाच्या घरात चहा शिरवायची मोठी मोहीम १९३० च्या दशकातली. आणि गंमत म्हणजे प्रचारवाल्यांना मसाला मुळीच पसंत नव्हता. आलं-वेलची आणि भरपूर दूध घातलं की चहाची पूड कमी लागते, ही त्यांची तक्रार! पुण्यातली अमृततुल्य दुकानं राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी १९२० च्या दशकात रुजवली. बारीक दाण्याची, कडक रंगाची सीटीसी पूड निघाली ती आसामात १९३० च्या आसपास, आणि सगळीकडे स्वस्त झाली ती स्वातंत्र्यानंतर. म्हणजे आपला कडक मसाला चहा फार तर पणजोबांच्या वयाचा.

गार चहाचं म्हणाल, तर १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेत गार चहा लोकप्रिय करण्याचं श्रेय रिचर्ड ब्लेचिंडेन ह्या माणसाला देतात. तो तिथे हिंदुस्थानच्या चहाचाच प्रचार करायला गेला होता. अमेरिकेतल्या पाककृतींच्या पुस्तकांत गार चहा १८७० च्या दशकातच होता, त्यामुळे 'शोध' म्हणता येत नाही, पण चहा गार करून विकण्यात हिंदुस्थानी चहाचा हात जुना आहे एवढं नक्की. इकडे सिंगापुरात आल्याचा चहा विकणाऱ्या हिंदुस्थानी मुसलमानांच्या टपऱ्यांना 'सराबात' टपऱ्या म्हणत. हो, तेच आपलं सरबत. म्हणजे चहा आणि सरबत ह्यांची सोयरीक इथे केव्हाच जुळली होती.

बरं, आता प्रत्यक्ष कृती. दोन मोठ्या ग्लासांसाठी.

आधी पाक. डब्यातल्या अननसाच्या चार चकत्या बारीक चिरा, डब्यातलाच अर्धी वाटी पाक, दोन चमचे साखर आणि दालचिनीचा तुकडा घालून आठ-दहा मिनिटं शिजवा, दाट झालं की गार करून फ्रीजमध्ये ठेवा. ताजा अननस वापरणार असाल तर शिजवणं चुकवू नका. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एंझाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध कडू होतं. उष्णतेने ते निकामी होतं, म्हणूनच डब्यातला अननस दुधाशी जमवून घेतो.

मग चहा. दोन कप पाण्यात इंचभर ठेचलेलं आलं, चार वेलदोडे, चार-पाच मिरी, दालचिनी आणि गवती चहा सात-आठ मिनिटं उकळा. (इथल्या बाजारात गवती चहा 'सेराय' नावाने मिळतो, पण पाती छाटून नुसते दांडे. ते लोक दांडे वाटून रश्शात घालतात, आपण पाती उकळतो.) तीन चमचे सीटीसी पूड घालून मिनिटभर उकळी, तीन मिनिटं झाकण, मग गाळा. गरम असतानाच साखर आणि चिमूटभर जायफळ. फ्रीजमध्ये दोन तास. गार झाल्यावर चहा गढूळ दिसेल. चहातली द्रव्यं आणि कॅफीन थंडीत एकत्र येतात म्हणून तसं होतं, बिघडलेलं काही नसतं.

शेवटी रचना. तळाला दोन चमचे पाक, मग बर्फ, मग पाऊण ग्लास चहा, आणि सगळ्यात शेवटी पाव वाटी गारेगार आटीव दूध. हा क्रम मोडू नका. अननसाच्या आंबटपणाने दूध फाटू शकतं, पण थंडीत ते फार सावकाश फाटतं. सगळं गार असेल आणि दूध शेवटी पडलं तर दहा-पंधरा मिनिटं आरामात मिळतात. तेवढ्यात पिऊन टाका. तिकडे बिनसाखरेच्या दुधाचा डबा मिळाला नाही तर घरचं दूध निम्मं आटवून गार करा. आणि मे महिना असेल तर अननसाचं नाव सोडा, हापूसचा रस घाला.

मूळ चहा म्हणून काही नव्हताच, हे माझं म्हणणं. प्रत्येक पिढीने बाजारात जे आलं ते पातेल्यात घातलं, आणि पुढच्या पिढीने त्यालाच परंपरा म्हटलं. अमेरिकन कंपनीला हसायचं तर जरूर हसावं, नाव खरोखरच विनोदी आहे. पण शुद्धतेच्या नावाखाली हसू नये. ह्या ग्लासात कोणाचा हात किती, ह्याचा खरा हिशेब मळेवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या नावांनी लागत नाही. आसामच्या मळ्यातली कामकरीण, मलायाच्या खाणीतला मजूर, बेड्या घालून दलदल भरणारा मुंबई इलाख्याचा कैदी, ही माणसं त्या हिशेबात धरावी लागतात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी असा गार ग्लास कधी पाहिलाही नसेल.