पाराएराए : पानांची पायताणं

डोंगरात पळण्यासाठी हल्ली अगदी पातळ तळव्याचे बूट मिळतात. न्यूझीलंडला ही कल्पना नवी नाही. माओरी लोक बहुधा अनवाणीच चालत. खडकाळ, लांबच्या वाटेवर मात्र हराकेकेच्या पात्यांची विणलेली ‘पाराएराए’ घालत. ती-कोउका झाडाच्या पानांची अधिक टिकत.

डिसेंबर १८४६ मध्ये सर्वेक्षक थॉमस ब्रनर नेल्सनहून पश्चिम किनाऱ्याकडे निघाला. बूट झिजल्यावर आपलं कसं होणार, याची त्याला धास्ती होती. केहू हा माओरी वाटाड्या सोबत होता. रानात लागणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी, अनवाणी चालणं आणि नेच्याची मुळं खाऊन राहणं, आपल्याला साधल्या, असं ब्रनरने पुढे रोजनिशीत समाधानाने नोंदवलं. जून १८४८ मध्ये तो परतला.

मला वाटतं, नव्या मुलखात आलेल्याने आधी तिथल्या माणसांकडून चालायला शिकावं.