शनिशिंगणापूरचा चौथरा

१२. नेवासे तालुक्यातील शनीची शिळा उघड्या चौथऱ्यावर आहे. नोव्हेंबर २०१५मध्ये स्त्रियांना बंदी असताना एक तरुणी तिथे चढली, तेव्हा शिळेला दुधाचा अभिषेक घालून ‘शुद्धी’ झाली. हा अपमान साऱ्याजणींचा होता. २६ जानेवारी २०१६ला चौथऱ्याकडे निघालेल्या भूमाता ब्रिगेड या संघटनेच्या स्त्रियांना पोलिसांनी वाटेत सुप्यातच अडवले. पुढे विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९५६च्या मंदिरप्रवेश कायद्याचा आधार घेत स्त्रियांचा प्रवेशाचा हक्क मान्य केला. अस्पृश्यताविरोधी लढ्याचा हा वारसा स्त्रियांनी हक्काने वापरला, हे मला आंदोलनाइतकेच मोलाचे वाटते. ८ एप्रिलला, पाडव्यादिवशी, गावच्या पुरुषांनी आता त्यांनाही लागू झालेली बंदी मोडून शिळेला पाणी घातले. मगच विश्वस्तांनी चौथरा सर्वांना खुला केला. — संपादक