मक्ता, नांगर आणि जिल्हा बोर्ड: सातारचे धनजीशा कूपर

१९३५ चा भारत सरकार कायदा प्रांतांत लागू झाला तो १ एप्रिल १९३७ रोजी. काँग्रेसने त्या दिवशी देशभर हरताळ पुकारला होता, आणि इकडे मुंबईत गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्या आमंत्रणावरून नवं मंत्रिमंडळ अधिकारावर येत होतं. मुंबई प्रांताचा हा पहिला पंतप्रधान (मुख्यमंत्र्याला तेव्हा हेच पदनाम होतं) मुंबईचाही नव्हता आणि पुण्याचाही. तो सातारचा, पारशी, आणि दारूच्या मक्त्यात पैसा मिळवलेला व्यापारी होता. धनजीशा बमनजी कूपर हे त्याचं नाव. ब्राह्मणेतर चळवळीच्या बालेकिल्ल्यात त्याने एवढं बस्तान बसवलं कसं, ही गोष्ट अजून पुरेशी सांगितली गेलेली नाही.

कूपरांचा जन्म १८७८ चा, सातारच्या गरीब पारशी घरातला. योगायोग असा की मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही त्याच वर्षीचा. या कायद्याने दारू गाळणं आणि विकणं सरकारच्या मुठीत आणलं आणि विक्रीचे हक्क मक्त्याने देण्याची पद्धत घट्ट केली. इलाख्यात हा धंदा बराचसा पारश्यांच्या हाती होता. मक्ता घ्यायचा म्हणजे आधी रोकड ओतायची, गावोगाव गुत्ते चालवायचे, उधारी सांभाळायची, चोरटी भट्टी लावणाऱ्यांवर नजर ठेवायची आणि मामलेदारापासून कलेक्टरापर्यंत सगळ्यांशी सलोखा राखायचा. जिल्ह्याची नाडी ओळखायला यापेक्षा चांगली शाळा नसेल. कुठल्या गावात पाटलाचं चालतं, कुठे कुलकर्ण्याचं, कोण कोणाच्या कर्जात आहे, हे मक्तेदाराला न विचारता कळतं.

गंमत पुढेच आहे. सातारा जिल्ह्यात सत्यशोधक जलसे गावोगाव फिरत होते, आणि भटजी-सावकारांच्या जोडीला दारूवरही कोरडे ओढत होते. त्याच चळवळीतून उभ्या राहिलेल्या ब्राह्मणेतर पक्षाचा जिल्ह्यातला मोठा आधार दारूचा मक्तेदार झाला. पक्षाकडे माणसं होती, राग होता, पण रोकड नव्हती आणि सरकारदरबारी वजन नव्हतं. कूपरांकडे नेमकं तेच होतं. शिवाय पारशी असल्यामुळे ते भाऊबंदकीच्या बाहेरचे. दोन मराठा घराण्यांत वाद पेटला तर मधे बसायला असा माणूस सोयीचा पडतो.

मक्त्याच्या पैशातून कूपर कारखानदारीकडे वळले ते १९२२ च्या सुमारास. सातारा शहर रेल्वेपासून बाजूला पडलेलं, म्हणून कारखाना पुणे-मिरज लोहमार्गावरच्या सातारारोड स्टेशनजवळ, पाडळीला निघाला. माल होता लोखंडी नांगर. या धंद्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर आधीच उतरले होते. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला त्यांनी मोठ्या चिकाटीने नांगर विकला होता आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली होती. कूपरांना रस्ता तयार मिळाला. त्यांना हवा होता तो गावोगाव ओळख असलेला विक्या.

तो मिळाला भाऊराव पाटलांच्या रूपाने. भाऊरावांनी ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकला होता, किर्लोस्करांचे नांगर विकले होते. आडदांड शरीर, मोठा आवाज, शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बोलायची सवय. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली होती आणि वसतिगृहांसाठी ते पैशाच्या शोधात होते. चरित्रकार सांगतात ते असं: कारखान्याच्या कमाईतला वाटा शिक्षणाला मिळेल या बोलीवर भाऊराव कूपरांबरोबर गेले, कारखाना उभा राहिला, चालला, आणि मग बोली पाळली गेली नाही. संतापलेले भाऊराव पिस्तूल घेऊन कूपरांचा जीव घ्यायला निघाले होते आणि स्नेह्यांनी त्यांना कसंबसं आवरलं, ही हकीकत रयतच्या शाळांत शिकलेल्या कैक पिढ्यांनी ऐकलेली आहे. ती एका बाजूने आलेली आहे हे खरं. पण दोघांचं फाटलं, ते कायमचं फाटलं, याबद्दल दुमत नाही.

आता नांगराचं आणि मताचं नातं पाहू. लोखंडी नांगर ओढायला दोन-तीन बैलजोड्या लागत. एवढी जनावरं आणि वर नांगराची किंमत परवडणारा शेतकरी बऱ्यापैकी जमिनीचा धनी असे. १९१९ च्या सुधारणांनंतर कायदे कौन्सिलासाठी खेड्यात मत मिळालं तेही ठराविक शेतसारा भरणाऱ्यांनाच. म्हणजे कूपरांचं गिऱ्हाईक आणि त्यांचा मतदार बऱ्याच अंशी एकच माणूस होता. कारखान्याचा विक्या ज्या वाड्यात चहा पिऊन येई, तिथेच पुढे प्रचारक जाई.

याच्या जोडीला आलं जिल्हा लोकल बोर्ड. १९२३ च्या कायद्यांनी बोर्डावर लोकनियुक्त सभासदांचं वर्चस्व आणलं आणि प्राथमिक शाळांचा कारभारही सरकारकडून स्थानिक संस्थांकडे वळवला. मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या, रस्त्याची खडी, दवाखाना, विहीर, धर्मशाळा, हे सगळं बोर्डाच्या टेबलावरून जाऊ लागलं. कौन्सिलातल्या भाषणांपेक्षा गावाला याची मातब्बरी जास्त. मास्तराची बदली रोखणारा हात कोणाचा, हे खेड्यातल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. या बोर्डावर कूपरांनी पकड बसवली. तिथून ते मुंबईच्या कौन्सिलात पोचले, आणि प्रांत सरकारात अर्थखात्यापर्यंत चढले. ‘सर’ ही पदवीही आली.

१९३० नंतर मात्र वारं फिरलं. केशवराव जेधे यांच्यासारखे ब्राह्मणेतर पुढारी काँग्रेसमध्ये गेले आणि त्यांच्या मागोमाग खेड्यातला तरुण गेला. १९३७ च्या निवडणुकीत सातारा जिल्ह्यात काँग्रेसच्या आत्माराम पाटलांसाठी राबणाऱ्या पोरांत कॉलेजात शिकणारे यशवंतराव चव्हाण होते. प्रांतात काँग्रेसने १७५ पैकी ८६ जागा घेतल्या, पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाही असं आश्वासन मिळाल्याशिवाय सत्ता घ्यायला ती तयार नव्हती. त्या फटीतून कूपर पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळात त्यांच्याबरोबर लोकशाही स्वराज्य पक्षाचे, टिळकांच्या परंपरेतले जमनादास मेहता. धारवाडकडचे ब्राह्मणेतर पुढारी सिद्दप्पा कांबळी. आणि हुसेनअली रहिमतुल्ला. टिळकपंथी आणि ब्राह्मणेतर शेजारी शेजारी बसलेले पाहून पुण्यातल्या कट्ट्यांवर काय बोललं गेलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

बहुमत नव्हतं, म्हणून विधानसभेची बैठकच बोलावली गेली नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याला अधिकारग्रहणाचा निर्णय घेतला आणि १९ जुलैला बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले. कूपरांची कारकीर्द जेमतेम साडेतीन महिन्यांची. खेर सरकारने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली, तेव्हा सर्वांत मोठा गदारोळ पारशी समाजातूनच उठला.

कूपरांना नुसते इंग्रजांचे हस्तक म्हणून निकालात काढायची पद्धत आहे. ती सोपी आहे, पण तिच्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. कारखाना काढायचा, त्यातून गावोगाव माणसं जोडायची, जिल्ह्याची स्थानिक संस्था ताब्यात ठेवायची आणि तिच्या बळावर मुंबई गाठायची, हा मार्ग स्वातंत्र्यानंतर साखर कारखाना आणि जिल्हा परिषद यांच्या जोरावर पश्चिम महाराष्ट्रात कित्येकांनी तुडवला. फरक दोन. नंतरच्यांचा कारखाना सहकारी होता, म्हणजे शेतकरी त्यात निदान कागदोपत्री भागीदार होता. आणि त्यांनी शिक्षणसंस्था हाताशी ठेवल्या. ती संधी कूपरांकडे भाऊरावांच्या रूपाने चालून आली होती.

कूपर वारले १९४७ मध्ये. त्याच वर्षी भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. सातारारोडचा कारखाना तोवर वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाकडे गेला होता. कूपर घराण्याने यंत्रांचा धंदा सोडला नाही. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्या नावाच्या पाट्या आजही आहेत आणि तिथे इंजिनांचे भाग तयार होतात.