पहिली पायरी : धूम्रपानत्याग आणि इलेक्ट्रॉनिक सिगारेट

तंबाखूचे व्यसन सोडू पाहणाऱ्या मनुष्याला तंबाखूतीलच मुख्य द्रव्य औषध म्हणून द्यावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तथापि गेल्या अर्धशतकाहून अधिक काळात धूम्रपानत्यागाचे जे उपाय प्रचारात आले त्यांतील बहुतेकांचा पाया हीच कल्पना आहे, आणि इलेक्ट्रॉनिक सिगारेट ही तिची सर्वांत अलीकडची व सर्वांत वादग्रस्त परिणती होय. नवशिक्या ग्राहकासाठी म्हणून जे साधे उपकरण विकले जाते ते धूम्रपान सोडण्याची ‘पहिली पायरी’ आहे, असे ह्या उपकरणाचे पुरस्कर्ते सांगतात. पायरी म्हटली म्हणजे तिच्यापुढे दुसरी पायरी आणि अखेरीस पोहोचावयाचे एखादे ठिकाण गृहीत धरलेले असते. ते ठिकाण कोणते, ह्याविषयी मात्र कधीच एकवाक्यता नव्हती. किंबहुना ते ठिकाण कसे सरकत गेले हे पाहिल्यावाचून ह्या उपकरणाचा इतिहास उलगडत नाही.

ह्या इतिहासाचा आरंभ स्वीडनमध्ये होतो. डिसेंबर १९६७ मध्ये लुंड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लेस लुंडग्रेन ह्यांनी हेलसिंगबॉर्ग येथील ‘लिओ’ ह्या औषधकंपनीतील संशोधक ऊवे फेर्नो ह्यांना एक पत्र लिहिले. पाणबुड्यांवरील खलाशांना आत असताना धूम्रपान करता येत नाही. अशा वेळी ते तंबाखू तोंडात धरतात आणि त्यांची तलफ भागते, असे लुंडग्रेन ह्यांच्या पाहण्यात आले होते. फेर्नो स्वतः सिगारेटच्या आहारी गेलेले होते. पत्रातील निरीक्षणाचा अर्थ त्यांनी चटकन ताडला : मनुष्याला धूर नको असतो, निकोटीन हवे असते. निकोटीन आयन-विनिमयी राळेला बांधून ते चघळण्याच्या गोंदात घालावयाचे, म्हणजे चावता चावता ते हळूहळू सुटून तोंडाच्या त्वचेतून रक्तात उतरेल, अशी त्यांची योजना होती. हा गोंद ‘निकोरेट’ ह्या नावाने प्रथम १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये विक्रीस आला आणि १९८४ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली.

लंडनमधील मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल ह्यांनी १९७६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हाच विचार तात्त्विक स्वरूपात मांडला. लोक धूम्रपान करतात ते निकोटीनसाठी, पण मरतात ते धुरातील डांबरासारख्या द्रव्यांमुळे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. व्यसनाचे कारण आणि मृत्यूचे कारण ही दोन असून ती एकमेकांपासून सोडविता येतात, हा ह्यातील खरा नवा मुद्दा. १९६२ च्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या अहवालाने धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध जनतेपुढे मांडला होता, परंतु धूर आणि निकोटीन ह्यांचा असा विग्रह त्यात नव्हता. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट ह्यांनी १९६३ मध्ये अर्ज करून १९६५ मध्ये बिनधुराच्या सिगारेटचे पेटंट मिळविले होते, म्हणून त्यांना पुष्कळदा इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे आद्य जनक म्हटले जाते. परंतु त्यांच्या उपकरणात तंबाखू नव्हती तशी निकोटीनही नव्हती; होती ती केवळ सुवासिक, दमट, ऊन हवा. आकार सारखा असला तरी कल्पनेच्या दृष्टीने गिल्बर्ट ह्या वंशवृक्षात बसत नाहीत. सिगारेटच्या आकाराची नळी हे ह्या परंपरेचे मूळ नव्हे. मूळ आहे तो फेर्नो ह्यांचा गोंद.

गोंदाची उणीव लवकरच ध्यानात आली. ओढलेल्या सिगारेटमधील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. गोंदातील निकोटीनला मिनिटे लागतात. शिवाय हाताला आणि ओठांना जडलेली सवय गोंदाने भागत नाही. ह्या उणिवेवर तोडगा म्हणून अमेरिकेत १९८० च्या दशकात ‘फेव्हर’ नावाची न पेटविता ओढावयाची, निकोटीनयुक्त नळी निघाली. १९८७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती ‘औषध’ ठरविली, आणि औषधाची परवानगी नसल्यामुळे ती बाजारातून गेली. वस्तू तीच, पण तिला कोणत्या नावाच्या कप्प्यात टाकावयाचे ह्यावर तिचे आयुष्य अवलंबून, हा अनुभव पुढे वारंवार आला.

आजच्या उपकरणाचे श्रेय सामान्यतः चीनमधील शेनयांग येथील औषधनिर्माते होन लिक ह्यांना दिले जाते. ते स्वतः अतिशय धूम्रपान करीत, आणि निकोटीनच्या पट्टीने त्यांचे समाधान होत नव्हते. २००३ मध्ये त्यांनी आपल्या उपकरणाचे पेटंट मागितले. त्यांच्या मूळ उपकरणात निकोटीनयुक्त द्रवाचे तुषार श्राव्यातीत कंपनांनी करण्याची योजना होती. पुढे तिची जागा विजेने तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने घेतली. बॅटरी, वेटोळे, द्रव शोषून घेणारी वात, आणि प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन ह्यांत मिसळलेले निकोटीन, एवढाच ह्या यंत्राचा संसार. उत्पादक कंपनीने ‘रुयान’ हे नाव घेतले. चिनी भाषेत त्याचा अर्थ ‘धुरासारखे’ असा होतो. नाव अन्वर्थक होते खरे, पण त्यात एक कबुलीही होती. कारण सिगारेटपासून दूर नेणारी ही वस्तू जितकी सिगारेटसारखी दिसेल तितकी खपेल, असा हा हिशेब होता. वस्तुतः तोंडावाटे बाहेर पडते ते धूरही नव्हे आणि भौतिकशास्त्राच्या अर्थाने वाफही नव्हे. ते सूक्ष्म थेंबांचे वायुकलिल आहे. परंतु भाषा शास्त्राची वाट पाहत नाही. इंग्रजीत ह्या क्रियेसाठी वाफेच्या शब्दापासून ‘व्हेप’ हे क्रियापद सिद्ध झाले, २०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले, आणि मराठी वृत्तपत्रांनी ‘व्हेपिंग’ तसेच उचलले. आपल्याकडे ‘धूम्रपान’ ह्या शब्दात धूर प्यावयाचा असतो, विडी ओढावयाची असते. ह्या नव्या वस्तूला मराठीने अद्याप आपले क्रियापद दिलेले नाही.

२००६-०७ च्या सुमारास ही नळी युरोप-अमेरिकेत पोहोचली. नवशिक्याला जे दिले जाई ते म्हणजे सिगारेटच्याच जाडीची, टोकाला तांबडा दिवा लागणारी, वापरून टाकावयाच्या कुपीची नळी. ही पहिली पायरी कितपत भक्कम होती? न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील क्रिस बुलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनात १६ मिलिग्रॅम निकोटीनच्या रुयान उपकरणाने रक्तातील निकोटीनची पातळी मिलिलिटरमागे सरासरी १.३ नॅनोग्रॅमपर्यंत चढली. सिगारेटने ती १३.४ पर्यंत चढली होती. म्हणजे रूप सिगारेटचे आणि गुण जवळजवळ एक दशांश. त्याच गटाने ६५७ धूम्रपान करणाऱ्यांवर केलेली चाचणी २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. सहा महिन्यांनंतर इलेक्ट्रॉनिक सिगारेट घेणाऱ्यांपैकी ७.३ टक्के, पट्टी घेणाऱ्यांपैकी ५.८ टक्के आणि निकोटीनविरहित नळी घेणाऱ्यांपैकी ४.१ टक्के लोक धूम्रपानापासून अलिप्त राहिले होते. हे अंतर संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरले नाही.

ह्याच सुमारास अमेरिकेत कप्प्याचा जुना प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. अन्न व औषध प्रशासनाने आयात होणारी उपकरणे औषध-साधने म्हणून अडविली. विक्रेते न्यायालयात गेले. डिसेंबर २०१० मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, उपचाराचा दावा करून विकली जात नसेल तर ही वस्तू औषध नव्हे, तंबाखूजन्य पदार्थ म्हणूनच तिचे नियमन होऊ शकते. ह्या निर्णयाचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. ‘हिने सिगारेट सुटते’ असे वेष्टनावर छापणारा उत्पादक औषधाच्या कायद्यात सापडणार, आणि गप्प राहणारा सुटणार. तेव्हा जी वस्तू लोक सिगारेट सोडण्यासाठी विकत घेत होते तिच्यावर सिगारेट सोडण्याविषयी अवाक्षर नव्हते. ब्रिटनमध्ये २०१५ साली ‘ई-व्होक’ ह्या एका उपकरणाला औषधाचा परवाना मिळाला, परंतु ते बाजारात आलेच नाही.

दरम्यान उपकरण बदलले. सिगारेटचा आकार टाकून मोठ्या बॅटरीची, पुन्हा पुन्हा भरता येणारी टाकी असलेली लेखणीसारखी नळी पुढे आली. ती कमी ‘धुरासारखी’ दिसे आणि निकोटीन अधिक देई. नवशिक्यासाठी एक उपकरण आणि द्रवाची एक बाटली अशा संचाची रूढी पडली. ह्या संचाची सर्वांत महत्त्वाची कसोटी लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील पीटर हाजेक आणि सहकाऱ्यांनी घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ब्रिटिश आरोग्यसेवेच्या धूम्रपानत्याग-केंद्रांत आलेल्या ८८६ व्यक्तींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते. एका गटाला आपल्या पसंतीचे गोंद, पट्टी इत्यादी उपचार तीन महिन्यांपर्यंत मिळाले. दुसऱ्याला भरता येणाऱ्या उपकरणाचा प्रारंभ-संच आणि मिलिलिटरमागे १८ मिलिग्रॅम निकोटीनची एक बाटली मिळाली. पुढचा द्रव ज्याने त्याने आपल्या आवडीच्या स्वादाचा व तीव्रतेचा विकत घ्यावयाचा होता. दोन्ही गटांना किमान चार आठवडे दर आठवड्याला प्रत्यक्ष समुपदेशन होते. वर्षअखेर उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजून खातरजमा केली तेव्हा पहिल्या गटातील ९.९ टक्के आणि दुसऱ्यातील १८.० टक्के लोकांनी सिगारेट सोडली होती.

ह्या आकड्यांचा पुष्कळ गाजावाजा झाला, आणि तो अस्थानी नव्हता. २०२२ मध्ये कॉक्रेनच्या पद्धतशीर आढाव्यानेही निकोटीनयुक्त इलेक्ट्रॉनिक सिगारेट ही गोंद-पट्टीपेक्षा अधिक परिणामकारक असल्याचा पुरावा उच्च खात्रीचा ठरविला. परंतु हाजेक ह्यांच्या निबंधातील दुसऱ्या एका आकड्याकडे इतिहासकाराचे लक्ष अधिक जावयास हवे. वर्षभर सिगारेटपासून अलिप्त राहिलेल्यांपैकी गोंद-पट्टीच्या गटात केवळ ९ टक्के लोक अद्याप तो उपचार घेत होते. इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या गटात मात्र ८० टक्के लोक उपकरण वापरीतच होते. म्हणजे पहिली पायरी चढून गेलेले बहुसंख्य लोक त्याच पायरीवर वर्षभर उभे होते. फेर्नो ह्यांच्या दृष्टीने गोंद ही तात्पुरती सोय होती आणि निकोटीनपासून मुक्ती हे गंतव्य होते. रसेल ह्यांचा विग्रह शेवटपर्यंत नेला तर मात्र धुरापासून मुक्ती हेच गंतव्य ठरते. ह्या दुसऱ्या मापाने ते ८० टक्के लोक पोहोचलेले होते, पहिल्या मापाने वाटेत थांबलेले. दोन्ही पक्ष एकच आकडा पुढे करतात, ह्याचे कारण हे आहे.

ब्रिटनने दुसरे माप स्वीकारले. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये, पहिल्या अहवालानंतर चोपन्न वर्षांनी, धुरावाचून निकोटीन ह्या विचाराचा उघड पुरस्कार केला. एप्रिल २०२३ मध्ये इंग्लंडच्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना प्रारंभ-संच समुपदेशनासह देण्याची योजना जाहीर केली. ह्या प्रचारात वारंवार येणारा ‘९५ टक्के कमी घातक’ हा आकडा मात्र जपून वापरला पाहिजे. तो २०१४ मधील एका तज्ज्ञमंडळाच्या अंदाजावर आधारलेला आहे. ते मोजमाप नव्हे, आणि ‘लॅन्सेट’ने २०१५ मध्येच त्यावर टीका केली होती.

अमेरिकेत पायरीचा उपयोग भलत्यांनीच केला. २०१५ मध्ये आलेल्या ‘जूल’ उपकरणात निकोटीनचे क्षार वापरल्यामुळे तीव्र मात्राही घशाला बोचेनाशी झाली. धूम्रपान करणाऱ्याला हवे तेच हे सुधारलेले उपकरण ज्याने सिगारेटला कधी हातही लावला नव्हता त्या मुलालाही सोयीचे झाले. २०१९ मध्ये तेथील उच्च माध्यमिक शाळांतील २७.५ टक्के विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक सिगारेट ओढीत असल्याचे आढळले. २०२४ मध्ये हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर उतरले होते. २०१९ मध्येच फुप्फुसाच्या तीव्र विकाराची साथ येऊन फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले. तिचा प्रमुख संबंध गांजाच्या अर्काच्या द्रवांत मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटशी होता. परंतु ते द्रव ओढण्यालाही ‘व्हेपिंग’ हेच नाव असल्यामुळे दोषाची वाटणी नीट झाली नाही.

भारताने पायरीच काढून टाकली. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात हे गुन्हे ठरले. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरात ह्यांच्या पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तरुणांना ह्या नव्या व्यसनापासून वाचविणे हा त्यामागील हेतू सांगण्यात आला. विडी आणि सिगारेट त्याच दुकानात राहिल्या, ह्या विसंगतीवर टीकाकारांनी बोट ठेवले आहे. ते योग्य असले तरी महाराष्ट्रापुरता विचार करता प्रश्नाची मांडणीच निराळी होते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांचे २४.४ टक्के. मळलेली तंबाखू दाढेत धरणाऱ्या किंवा दातांना मिश्री लावणाऱ्या मनुष्याला धुरापासून सोडवावयाचे नसते. त्याच्या व्यसनात धूर नसतोच. रसेल ह्यांचा विग्रह त्याच्या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण त्याला होणारा तोंडाचा कर्करोग पानातील इतर विषारी द्रव्यांपासून येतो आणि ती पाने तो स्वतःच चघळतो. त्याच्यासाठी औषधांच्या दुकानात आज जे मिळते ते २ मिलिग्रॅमचा निकोटीनचा गोंद, आणि तो चिठ्ठीवाचून मिळतो. पाणबुडीतील खलाशांच्या तोंडातील तंबाखूवरून ज्याची कल्पना सुचली तोच हा गोंद आहे.