तासाभराच्या पलीकडची मुले

काही वर्षांपूर्वी दिल्लीत संशोधन-अनुदानाच्या प्रस्तावांची छाननी करणाऱ्या एका समितीवर मी वित्त शाखेचा प्रतिनिधी म्हणून बसत असे. स्वमग्न बालकांविषयीच्या एका प्रस्तावात मानधनाच्या शीर्षाखाली केवळ विद्यार्थी साहाय्यक होते. इतके नाजूक काम शिकाऊ मुलांकडे कसे, अशी शंका मी नोंदवली. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी हसून सांगितले की या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला प्रयोग विद्यार्थ्यांनीच पार पाडला होता. तो निबंध मिळवून वाचला.

नॉर्वेत जन्मलेले इव्हार लोव्हास हे १९६१ पासून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. १९८७ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार वर्षांखालील १९ मुले, प्रत्येकासाठी आठवड्याला सरासरी ४० तास, दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ. शिकवणारे विद्यार्थी मुलाच्या घरी जात, पुढे शाळेतही जात. १९ पैकी ९ मुले साधारण शाळेची पहिली इयत्ता उत्तीर्ण झाली व त्यांचा बुद्ध्यंकही सर्वसाधारण आला. तुलनेच्या ४० मुलांत असे एकच निघाले. वर्षाचे ५० आठवडे धरले तरी एका मुलामागे ४,००० तास होतात, म्हणजे १९ मुलांमागे ७६,०००! पूर्ण पगाराच्या तज्ज्ञांकडून एवढे तास कोणत्या विद्यापीठाला परवडले असते? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्या प्रयोगाचे खरे भांडवल तिथे दिसले.

त्या तासांत सारेच गोड नव्हते. नाठाळपणावर मोठ्याने 'नाही' म्हणणे, क्वचित मांडीवर चापट मारणे हेही उपचारात होते. चापट मारण्याचे काम विशीतल्या मुलामुलींकडे यावे, हे मला आजही खटकते.

पण मी थबकलो ते गटवाटणीच्या परिच्छेदापाशी. पालकांचा विरोध आणि नैतिक अडचण यांमुळे चिठ्ठ्या टाकून वाटणी करता आली नाही. म्हणून नियम असा ठेवला की मूल सधन उपचाराच्या गटात जाईल; मात्र पुरेसे शिकवणारे उपलब्ध नसतील तर तुलनेच्या गटात. याच वाटणीवर पुढे टीकाकारांनी बोट ठेवले. दोन मुले तर विद्यापीठापासून गाडीने तासाभरापेक्षा दूर राहत होती, तेथे पुरेसे शिकवणारे पाठवता येत नव्हते, एवढ्याच कारणाने दुसऱ्या बाजूला गेली. त्यांना आठवड्याला दहा तास किंवा त्याहूनही कमी वेळ मिळाला.

मुख्यालयापासूनच्या अंतरावर माणसाचे काय काय ठरते, हे बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्यांना निराळे सांगायला नको. पुढच्या बैठकीत मी विद्यार्थ्यांविषयीची हरकत मागे घेतली आणि दुसरी विचारली : तासाभराच्या पलीकडे राहणाऱ्या मुलांकडे कोण जाणार? उत्तर आले, प्रवासखर्चाचे शीर्ष प्रस्तावात ठेवलेलेच नाही. ते शीर्ष घालून प्रस्ताव फेरसादर करावा, असा शेरा मी धारिकेवर लिहिला.