एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फ्लँजचे सपाटीकरण

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फ्लँजचे सपाटीकरण म्हणजे उष्णतेमुळे वाकलेल्या फ्लँजचे पृष्ठभाग पुन्हा एका प्रतलात आणण्याची प्रक्रिया होय. जुन्या मोटारींतील बिडाच्या मॅनिफोल्डवर ही दुरुस्ती प्रामुख्याने केली जाते.

कारणे व लक्षणे

मॅनिफोल्ड वारंवार तापून थंड होत असल्याने बिडात अंतर्गत ताण निर्माण होतात आणि फ्लँज व सिलिंडर हेड यांच्यात फट पडते. परिणामी थंड इंजिन सुरू करताना टिकटिक असा आवाज येतो व सांध्यावर काजळी धरते. निसटणाऱ्या वायूतील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन व विषारी असल्याने ही गळती धोकादायक असते.

पद्धत

जुन्या गॅस्केटचे अवशेष काढून मॅनिफोल्डला तडे गेले आहेत का, हे तपासतात. त्यानंतर सरळ पट्टी व फीलर गेज यांच्या साहाय्याने फट मोजतात. किरकोळ उंचवटे कानशीने घासता येतात. अधिक वाक असल्यास मिलिंग किंवा ग्राइंडिंग करतात. सर्व फ्लँज एकाच बांधणीत कापणे आवश्यक असते. ते स्वतंत्रपणे घासल्यास प्रत्येक सपाट होतो, मात्र सर्व एका प्रतलात येतीलच असे नाही.

मर्यादा

१९६२ ते १९८० या काळात उत्पादित झालेल्या एमजीबी या ब्रिटिश मोटारीत इनलेट व एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला असून, सामाईक स्टडवरील जाड वॉशर दोन्हींचे फ्लँज दाबून धरतात. केवळ एक्झॉस्टचा फ्लँज पातळ झाल्यास वॉशर तिरका बसतो आणि गळती कायम राहते. म्हणून दोन्ही फ्लँजची जाडी समान राखावी लागते.